मंडळीतील मानसिक आजारी व्यक्तींना चर्चने आणि पाळकांनी आधार कसा द्यावा?

प्रश्न: पाळकीय समिती सचिव, ऐरोली

सर्व बंधुभगिनींना सप्रेम सलाम.

मी ऐरोलीतील एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) पाळकीय समितीचा सचिव आहे. नगर, जालना आणि सोलापूर भागांतून नोकरीनिमित्त ठाणे-मुंबईकडे आलेली जुनी कुटुंबे आणि त्यांच्या पुढच्या पिढीतील, ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणारी तरुण मुले-मुली, असे आमच्या मंडळीचे स्वरूप आहे. स्वतःची इमारत नसल्यामुळे रविवारची उपासना एका शाळेच्या सभागृहात होते. आमचे पाळकसाहेब आमच्यासह आणखी एका मंडळीची जबाबदारी सांभाळतात.

मागील लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) दिवसांत आमच्याकडे झालेल्या उपवास-प्रार्थनेत बाहेरून आलेल्या एका वक्त्यांनी, ज्यांचा प्रभूवर खरा विश्वास आहे त्यांना मनाच्या आजारासाठी गोळ्या घेण्याची गरज पडत नाही, असे व्यासपीठावरून सांगितले. आमच्या एका भगिनी बायपोलर आजारासाठी (ज्यात मन कधी उन्मादाकडे तर कधी नैराश्याकडे झुकते) अनेक वर्षे नियमित औषधे घेत होत्या आणि त्यांची नोकरीही सुरळीत चालू होती. त्यांनी त्या सभेनंतर औषधे बंद केली. काही आठवड्यांतच त्यांची झोप उडाली, रात्री-अपरात्री त्या मंडळीतील लोकांना फोन करून आपल्याला दर्शन झाल्याचे सांगू लागल्या, दागिने गहाण ठेवून पैसे वाटू लागल्या आणि शेवटी त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. आता त्या सावरल्या आहेत, परंतु त्यांचे कुटुंब तेव्हापासून उपासनेला आलेले नाही.

या घटनेनंतर समितीत दोन मते पडली आहेत. काहींच्या मते चर्चचे काम आत्मिक आहे, वैद्यकीय बाबींत आपण पडूच नये. काहींना चर्चमध्येच एक समुपदेशन केंद्र सुरू करावे असे वाटते. पाळकसाहेबांना मात्र दोन्ही बाजूंचा भार एकट्याने सोसावा लागतो, कारण लोक डॉक्टरकडे जाण्याआधी त्यांनाच फोन करतात. पाळकाने कोठपर्यंत जावे व कोठे थांबावे, व्यासपीठावरून या विषयावर कसे बोलावे, सभासदांनी काय करावे, आणि त्या कुटुंबाकडे आम्ही कोणत्या तोंडाने जावे, याविषयी अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावे अशी नम्र विनंती आहे.


उत्तर: मनोविकार विभागातील परिचारिका, ठाणे

सचिवदादा, सलाम. मी ठाण्यात राहते आणि मनोविकार विभागात परिचारिका म्हणून काम करते. आपल्या भगिनींच्या बाबतीत जे घडले त्याचा वैद्यकीय भाग समितीतील सर्वांना नीट समजावा, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

बायपोलर आजारात मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे एकाएकी बंद केली की आजार उलटण्याची शक्यता फार वाढते, आणि उन्मादाच्या अवस्थेची पहिली खूण बहुधा झोप कमी होणे हीच असते. अशा अवस्थेतील माणूस उत्साहाने भरलेला, तासन्‌तास प्रार्थना करणारा आणि सढळ हाताने दान देणारा दिसतो. त्यामुळे मंडळीत त्याच्या वागण्याचे आधी कौतुक होते आणि आजार ओळखायला उशीर होतो. 'त्या झोपतात का?' हा एवढा प्रश्न जरी घरच्यांना वेळेवर विचारला गेला, तरी पुष्कळदा दाखल करण्याची वेळ टळते.

उपवासाबाबत एक गोष्ट मी दरवर्षी लेंटच्या आधी सांगत असते. बायपोलर आजारातील अनेक रुग्ण लिथियम घेतात. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढते, हाताला जोराचा कंप सुटतो, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, आणि वेळीच लक्ष न दिल्यास ही विषबाधा जिवावर बेतू शकते. त्यातून ठाण्या-मुंबईचा मार्च-एप्रिलचा उकाडा आणि निर्जळी उपवास एकत्र आले की धोका आणखी वाढतो. म्हणून उपवास-प्रार्थनेची घोषणा करताना, 'जे कोणतीही नियमित औषधे घेतात त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच उपवास करावा' हे वाक्य प्रत्येक वेळी उच्चारले जावे. मधुमेह असलेल्यांनाही त्याचा उपयोग होतो आणि मानसिक रुग्णाला वेगळे काढल्यासारखे वाटत नाही. नैराश्याच्या औषधांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, आणि नेमक्या याच काळात 'काही फरक पडत नाही' म्हणून रुग्ण गोळ्या सोडतो. या आठवड्यांत मंडळीतील कोणी रोज एक फोन करून 'आज गोळी घेतलीत का, जेवलात का' एवढेच विचारले, तर ते आम्हां आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातून न होणारे काम असते.

चर्चने या बाबींत पडू नये असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी लिहिते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर १०० प्रौढांपैकी साधारण १० ते ११ जणांना त्या वेळी एखादा मानसिक आजार असल्याचे आढळले होते, आणि निरनिराळ्या आजारांतील ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचलेले नव्हते. म्हणजे आपल्या सभागृहात रविवारी बसलेल्यांमध्ये असे लोक आहेतच. डॉक्टर त्यांना पाहत नाही, चर्च पाहते. गायनसंघात नेहमी येणारा माणूस सलग दिसेनासा होतो, बाळाला बाप्तिस्म्यासाठी घेऊन आलेली आई बाळाकडे पाहतच नाही, रात्रपाळीचा मुलगा उपासनेनंतर कोणाशीही न बोलता निघून जातो, नुकतेच विधुर झालेले काका घरी भेटायला गेलेल्यांना दार उघडत नाहीत. हे सगळे पाळकाआधी महिला मंडळाच्या आणि तरुण संघाच्या लक्षात येते.

लक्षात आल्यावर काय करावे? सरळ विचारावे. 'जगणे नकोसे वाटते का, जीव द्यावा असे विचार येतात का' असे विचारल्याने त्या माणसाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून बहुतेकांना हलके वाटते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरातील औषधांचा साठा, कीटकनाशके आणि तत्सम वस्तू कोणाच्या तरी ताब्यात द्याव्यात आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. टेलिमानस ही केंद्र सरकारची १४४१६ या क्रमांकावरील सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे, तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक उपासनेच्या छापील पत्रकावर कायमचा असावा. आपल्या ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाची लोकांना अजूनही धास्ती वाटते, पण तेथे बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तपासून घेऊन, औषधे घेऊन माणूस त्याच दिवशी घरी येतो, हे पुष्कळांना माहीतच नसते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्थाही येथलीच. लांब जाण्याची गरज नाही. गरज असते ती सोबतीची. सकाळी केसपेपरच्या रांगेत कोणी उभे राहणे, रुग्णाच्या वतीने जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून नेणे, डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तारीख लिहून घेणे ही कामे समितीतील कोणताही माणूस करू शकतो. एकट्याने आलेले रुग्ण रांगेतूनच परत गेल्याचे आम्ही पाहतो.

समुपदेशन केंद्राविषयी माझे मत सावध आहे. प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर सामान्य माणसेही मोठे काम करू शकतात. गोव्यातील संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचे साधे उपचार दिले आणि त्याचा चांगला गुण आला, हे २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. परंतु त्या समुपदेशकांना आधी शिकवले गेले होते आणि नंतरही त्यांच्या कामाची नियमित तपासणी होत होती. नुसती पाटी लावून, एखाद्या सद्‌हेतूच्या ताईंना खुर्चीवर बसवून केंद्र सुरू करू नये.


उत्तर: निवृत्त पाळक, नेरूळ

बंधू, सलाम. परिचारिका ताईंनी लिहिलेले प्रत्येक वाक्य समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे, असे मी सुचवतो. मी व्यासपीठाविषयी आणि पाळकाच्या मर्यादेविषयी लिहितो.

ज्या वक्त्यांनी औषधे सोडायला सांगितले, त्यांना उत्तर पवित्र शास्त्रातूनच दिले पाहिजे. तसे न केल्यास विज्ञान एकीकडे आणि विश्वास दुसरीकडे अशी फाळणी लोकांच्या मनात कायम राहील. १ राजे १९ व्या अध्यायात कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर लगेचच संदेष्टा एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला त्या क्षणी उपदेश करीत नाही, त्याच्या विश्वासाची परीक्षाही घेत नाही. तो झोपतो, देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो, आणि त्यानंतर होरेब डोंगराच्या वाटेला लागतो. बोलणे फार पुढे येते. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला सुखाचा शेवट जोडलेला नाही, आणि तरीही ते आपल्या प्रार्थनांच्या ग्रंथात आहे. ही दोन वचने वर्षातून एकदा तरी उपदेशासाठी घेतली जावीत. ज्या माणसाला अंथरुणातून उठणे जड जाते त्याला उपासनेत केवळ आनंदाचीच गीते ऐकावी लागली, तर हे घर आपले नव्हे असे त्याला वाटू लागते.

दुष्टात्म्याचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण आपल्या मंडळ्यांतून तो विचारला जातोच. मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्या लोकांची यादी आहे, तिच्यात भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती असे वेगवेगळे उल्लेख आहेत. सुवार्तेनेच जो फरक केला तो आपण पुसून टाकू नये आणि प्रत्येक आजाराला दुष्टात्मा म्हणू नये. 'दुखणाइतांना वैद्याची गरज आहे' हे प्रभूचे शब्द आहेत, आणि कलस्सैकरांस लिहिताना पौल लूकचा उल्लेख 'प्रिय वैद्य' असाच करतो. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांनी (जबाबदार ज्येष्ठांनी) आजाऱ्यासाठी तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. ती प्रार्थना आपण मनापासून करावी आणि त्याच दुपारी त्याला डॉक्टरकडे न्यावे. यात मला कधीही विसंगती वाटलेली नाही.

हे काही पाश्चात्त्यांकडून आजच आलेले नवे खूळ नाही, हेही लोकांना सांगावे. १९०७ साली भारतात आलेले मेथडिस्ट मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स हे कामाच्या पहिल्या काही वर्षांतच मानसिक थकव्याने कोसळले होते. त्याच जोन्स यांनी पुढे १९५० मध्ये लखनौला नूर मंझिल हे ख्रिस्ती मानसोपचार केंद्र उभे केले, जेथे प्रार्थना आणि वैद्यकीय उपचार एकाच छताखाली होते. अमेरिकेत अँटन बॉइसन नावाच्या पाळकांना तीव्र मानसिक आजारामुळे रुग्णालयात राहावे लागले होते. बरे झाल्यावर त्यांनी १९२५ मध्ये वूस्टर येथील मनोरुग्णालयात ईश्वरज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकवायला सुरुवात केली. पाळकांना रुग्णसेवेचे प्रत्यक्ष शिक्षण देण्याची जी पद्धत आज अनेक सेमिनरींत आहे, तिच्या उगमापाशी बॉइसन यांचे हे काम आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार केंद्रात रुग्णासोबत त्याच्या कुटुंबीयांनाही राहायला बोलावण्याची पद्धत कित्येक दशके आहे. आपल्या परंपरेतील ही माणसे आणि ही कामे मंडळीला माहीत असती, तर त्या दिवशी सभागृहातून एखादा वडील उठून उभा राहिला असता.

आता पाळकाची मर्यादा. पाळकाने ऐकावे, प्रार्थना करावी, शोकात, लग्नाच्या भांडणात, अपराधी भावनेत सोबत करावी. ते त्याचेच काम आहे आणि ते त्याच्याइतके चांगले दुसरे कोणी करणार नाही. परंतु झोप-भूक आठवडेच्या आठवडे हरपली असेल, माणसाला कानात आवाज येत असतील, मरणाचे विचार येत असतील, दारू सुटत नसेल, किंवा तीन-चार भेटींनंतरही काहीच हलत नसेल, तर त्याला योग्य जागी पोहोचवणे हीच पाळकीय सेवा आहे. 'मी तुम्हाला दुसरीकडे पाठवीत आहे' असे न म्हणता 'मी तुमच्याबरोबर येतो' असे म्हणावे, आणि उपचार सुरू झाल्यावरही भेटी बंद करू नयेत, कारण रुग्णाला वाटणारी खरी भीती टाकून दिले जाण्याची असते. भेट शक्यतो दिवसा, दार उघडे ठेवून, घरात किंवा कार्यालयात दुसरे कोणी हाकेच्या अंतरावर असताना घ्यावी. ऐकलेली गोष्ट उपदेशात उदाहरण म्हणून, नाव बदलूनही, कधी वापरू नये. ऐरोलीएवढ्या मंडळीत माणूस लगेच ओळखू येतो.

पाळकसाहेबांविषयीही समितीने विचार करावा. आठवड्यातील एक दिवस त्यांचा फोन दुसऱ्या वडिलांकडे असावा आणि तो दिवस कोणता हे मंडळीला ठाऊक असावे. जो माणूस दोन मंडळ्यांच्या अंत्यविधींना उभा राहतो, त्यालाही स्वतःचे दुःख सांगायला मंडळीबाहेरचे कोणी लागते, आणि तो खर्च समितीने अंदाजपत्रकात धरणे मुळीच गैर नाही.


उत्तर: स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाची आई, कळवा

वर दोघांनी अतिशय उपयुक्त लिहिले आहे. मी केवळ घरात बसलेल्या माणसाच्या बाजूने लिहिते.

माझा मुलगा कॉलेजात असताना आजारी पडला. त्याला संशय येऊ लागले, तो खिडक्या बंद करून बसू लागला. पहिल्या डिसेंबरमध्ये आमच्या मंडळीचे कॅरल गाणारे तरुण आमच्या इमारतीत आले, खालच्या दोन घरी गायले आणि आमच्या मजल्यावर न येता परत गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ढोलकीच्या आवाजाने त्याला त्रास होईल असे त्यांना वाटले. पण तो स्वेटर घालून, चपला शोधून, दाराशी उभा होता. पुढच्या वर्षी तरुण संघाच्या सचिव मुलीने आधी फोन करून त्यालाच विचारले की आम्ही आलो तर चालेल का आणि किती जण आलो तर चालेल. तिघे आले, ढोलकी खाली ठेवून आले आणि एकच गीत गायले. मंडळीने काय करावे असे मला कोणी विचारले की मी हेच सांगते की आमच्या वतीने ठरवू नका, आम्हाला विचारा.

आमच्या मंडळीच्या एका वडिलांनी त्याच्याशी देवाधर्माच्या गोष्टी फारशा केल्या नाहीत. ते दर गुरुवारी संध्याकाळी येत आणि त्याच्याशी कॅरम खेळत. औषधांमुळे त्याचे हात थरथरत, सोंगटी नीट जात नसे, आणि ते त्याला त्याच्या वेळाने खेळू देत. काही काळाने त्यांनी पाळकसाहेबांशी बोलून त्याला एक काम मिळवून दिले: रविवारी उपासनेच्या आधी प्रत्येक खुर्चीवर गीतांचे पुस्तक ठेवायचे आणि नंतर गोळा करून मोजून कपाटात लावायचे. तो आजही ते करतो. पुस्तके कमी भरली तर मला घरी येऊन सांगतो. लोकांनी त्याच्यासाठी पुष्कळ केले आहे, पण लोकांसाठी त्याने काही करावे असे त्या एकाच माणसाला सुचले.

ज्या गोष्टी टाळाव्यात त्याही सांगते. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याचे नाव, रुग्णालयाचे नाव आणि 'मनाचा आजार' असे लिहून प्रार्थना विनंती टाकली गेली होती. तो गट गावाकडच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचला आणि आमच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत तो निरोप आम्हाला दाखवण्यात आला. रुग्णाची किंवा त्याला शक्य नसेल तर घरच्यांची परवानगी घेतल्याशिवाय नाव घालू नये; 'आपल्या एका कुटुंबासाठी प्रार्थना करावी' एवढे देवाला पुरते. तसेच, बरे वाटू लागताच 'आता साक्ष द्या', म्हणजे देवाने बरे केले हे मंडळीसमोर सांगा, असा आग्रह धरू नये. हा आजार काहींचा पुन्हा उलटतो, आणि साक्ष दिल्यानंतर उलटला तर तो माणूस तोंड लपवतो.

सचिवदादा, त्या कुटुंबाकडे जाताना मोठे शिष्टमंडळ नेऊ नका. पाळकसाहेब आणि महिला मंडळातील त्यांच्या जवळची एक ताई, एवढेच जा. आधी फोन करा. व्यासपीठावरून जे बोलले गेले ते चुकीचे होते हे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण त्या ताईंना अजूनही वाटत असेल की आपलाच विश्वास कमी पडला. उपासनेला कधी येणार हे पहिल्या भेटीत विचारू नका.


उत्तर: वकील आणि धर्मग्रामातील (पॅरिशमधील) कार्यकर्ता, वाशी

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्या आणि तुमच्या रचनेत फरक असला तरी कायदा सर्वांना सारखाच आहे, म्हणून थोडे लिहितो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि तो २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिच्यावर त्यासाठी खटला भरून शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतील जुने कलम ३०९ तसे ठेवलेलेच नाही. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक रुग्णालयात जात नाहीत आणि पाळकांना बोलावतात, अशा वेळी पाळकांना एवढे ठाऊक असले पाहिजे. त्याच कायद्याने प्रौढ व्यक्तीला साध्या कागदावर लिहून व सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो; आजार उलटल्यास निर्णयांत मदत कोणी करावी हे ती आधीच ठरवू शकते. आपल्या ऐरोलीच्या भगिनी बऱ्या असतानाच हा कागद करून ठेवू शकतील.

कलम ९५ ने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आसरागृहाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेले २८ रुग्ण पळू न शकल्यामुळे मरण पावले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा दोरीने-साखळीने बांधणे हा गुन्हा आहे. प्रार्थना करण्याला कोणाचीच आडकाठी नाही, परंतु 'सुटकेच्या सेवे'त असा प्रकार घडल्यास आयोजक समितीही अडचणीत येऊ शकते. बाहेरच्या वक्त्यांना बोलावताना, औषधोपचार थांबवण्यास सांगणार नाही, असे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. आणखी एक: समुपदेशनात एखाद्या बालकाच्या लैंगिक छळाची माहिती मिळाल्यास पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, म्हणून 'मी कोणालाच काही सांगणार नाही' असे सरसकट वचन कोणालाही देऊ नये.

अंत्यविधीविषयी लिहायचे राहून जाऊ नये, कारण आत्महत्येने गेलेल्या माणसाच्या घरी चर्च कसे वागते हे ते कुटुंब जन्मभर विसरत नाही. आमच्या कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत (नियमसंग्रहात) जाणीवपूर्वक जीव दिलेल्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला जात असे. १९८३ च्या संहितेतून ती तरतूद गेली, आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात गंभीर मानसिक विकार, यातना किंवा भीती यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते आणि तिच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही 'चर्चमध्ये नेता येईल का' असे दबक्या आवाजात विचारणारे बाप मी पाहिले आहेत. तेथे उत्तर तत्काळ आणि निःसंदिग्ध असावे. प्रवचनात मृत्यूच्या पद्धतीचे वर्णन करू नये, 'आता तो सुटला' असे म्हणू नये, कारण समोर बसलेल्यांपैकी कोणी त्याच वाटेवर असू शकतो. विधी झाल्यावरचे पहिले वर्ष भेटी चालू ठेवाव्यात, विशेषतः वाढदिवस आणि नाताळ.

लंडनमधील अँग्लिकन पाळक चॅड वाराह यांनी १९३५ मध्ये आत्महत्या केलेल्या एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी चालवला. तो त्यांच्या मनातून गेला नाही, आणि १९५३ मध्ये त्यांनी आपल्या चर्चमध्येच समॅरिटन्स ही ऐकणाऱ्यांची सेवा सुरू केली. त्यांना लवकरच आढळले की भेटीसाठी थांबलेल्या लोकांना चहा देत त्यांच्याशी बोलणाऱ्या स्वयंसेवकांमुळेच पुष्कळांचे मन मोकळे होते आणि त्यांना पाळकांना भेटण्याची गरजच उरत नाही. तुमच्या समितीतील दोन्ही बाजूंना हे सांगण्यासारखे आहे.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: पाळकीय समिती सचिव, ऐरोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे छापून समितीत वाचली. केंद्र तूर्त सुरू करायचे नाही, परंतु महिला मंडळातील दोन आणि तरुण संघातील दोन सभासदांनी प्रशिक्षण घेऊन सोबतीची जबाबदारी घ्यावी, असे एकमताने ठरले. १४४१६ हा क्रमांक पत्रकावर येत आहे, व्हॉट्सअॅप गटासाठी कळव्याच्या ताईंनी सांगितलेला नियम लागू केला आहे, वक्त्यांकडून लेखी घेण्याचेही मान्य झाले आहे. सोमवारी पाळकसाहेबांचा फोन माझ्याकडे असेल. त्या कुटुंबाकडे पाळकसाहेब आणि महिला मंडळाच्या एक भगिनी या शनिवारी जाणार आहेत. त्यांनी फोनवर 'या' म्हटले आहे.

परिचारिका ताईंना एक शेवटचा प्रश्न आहे. दारूचे व्यसन सोडण्याच्या गोळ्या घेणारे आमचे एक सभासद प्रभुभोजनाला (उपासनेतील भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला) यायला कचरतात. त्यांना काय सांगावे?


उत्तर: मनोविकार विभागातील परिचारिका, ठाणे

दादा, त्यांना कोणती गोळी चालू आहे ते आधी विचारा. डायसल्फिराम असेल तर द्राक्षारसातील थोड्या मद्यार्कानेही चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या आणि रक्तदाब उतरणे असा त्रास होऊ शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही त्याचा प्रभाव दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून त्यांचे कचरणे बरोबरच आहे. आपल्या मंडळीत आंबवलेला द्राक्षारस वापरत असाल तर सर्वांसाठीच न आंबवलेला द्राक्षांचा रस ठेवा, म्हणजे त्यांना वेगळा पेला द्यावा लागणार नाही. आणि मुंबई-ठाण्यात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा अनेक ठिकाणी चर्चच्या आवारातच भरतात. उपासनेसाठी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात एखाद्या संध्याकाळी अशी सभा भरवता येईल का, हे शाळेच्या व्यवस्थापनाला विचारून पाहा.